वाचकांचे प्रश्न : आरव्ही घेऊन स्मोकी डोंगरांत

प्रश्न : आम्ही अटलांटात राहतो. ऑक्टोबरमध्ये २६ फुटी आरव्ही (झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी) भाड्याने घेऊन तीन रात्री ग्रेट स्मोकी माउंटन्सला जायचं ठरतंय. पुण्याहून आलेले सत्तरीतले सासू-सासरे आणि सहा व दहा वर्षांची मुलं सोबत आहेत. कुठे उतरावं? सगळ्यांना झेपेल असं चालणं कुठलं?

उत्तर : स्मोकमाँट घ्या. चेरोकीच्या बाजूने पार्कात शिरलं की हे कॅम्पग्राउंड घाट चढायच्या आधीच लागतं, त्यामुळे हात न बसलेली गाडी पहिल्याच दिवशी न्यूफाउंड गॅपच्या खिंडीवरून न्यावी लागत नाही. पण आमच्या मते खरं कारण दुसरंच आहे. ब्रॅडली फोर्कची वाट कॅम्पग्राउंडच्या मागच्या टोकालाच सुरू होते. आरव्ही हीच तुमची एकमेव गाडी असली की ती हलवणं हे एक कामच होऊन बसतं. भांडी कपाटात कोंबा, चाकाखालचे ठोकळे काढा, दिवसभराचं सामान आवरा, आणि एवढं करून वाटेच्या तोंडाशी पोहोचावं तर २६ फुटांना जागा नाही. म्हणून आधी वाट निवडावी आणि ती जिथून पायी गाठता येते ते कॅम्पग्राउंड घ्यावं.

ही वाट रुंद आहे, ओढ्याच्या कडेने जाते आणि चढ हलका आहे. सव्वा मैलावर चॅस्टीन क्रीकचा फाटा लागतो. सासू-सासऱ्यांनी तिथून मागे फिरावं. मुलांना घेऊन आणखी साधारण पाऊण मैल गेलात की धबधबा येतो. जाऊन-येऊन चार मैल होतात. दहा वर्षांच्या मुलाला ते सहज जमेल, सहा वर्षांच्या मुलासाठी मात्र खाऊ आणि वेळ दोन्ही जास्त ठेवा.

कुवोहीला (२०२४पर्यंतचं क्लिंगमन्स डोम, उंची ६,६४३ फूट) जायचा मोह होईल. वाट डांबरी आणि अर्ध्याच मैलाची आहे, पण तेवढ्यात ३३० फूट चढते, म्हणजे जवळजवळ तीस मजले. गुडघे दुखत असतील तर नकोच. वर खालच्यापेक्षा बरंच गार असतं, त्यामुळे स्वेटर हातात असू द्या. रोअरिंग फोर्कच्या रस्त्यावर आरव्हीला बंदी आहे, तो बेत आखू नका.

ऑक्टोबरच्या जागा सहा महिने आधी खुल्या होतात आणि लगेच भरतात. पार्कात प्रवेश फुकट आहे, पण १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडी लावायची तर पार्किंग टॅग लागतो : दिवसाचे ५ डॉलर, आठवड्याचे १५. सरपण घरून आणू नका. झाडं पोखरणारे किडे त्यातून पसरतात, म्हणून उष्णतेची प्रक्रिया केलेलं, प्रमाणपत्राचं लाकूडच चालतं.

प्रश्न : पहाटे तीनला हीटर बंद पडला. गॅसची टाकी तर अर्धी भरलेली होती. मग बिघाड कशात?

उत्तर : बिघाड नाही, बॅटरी उतरली. फर्नेस, म्हणजे हीटर, प्रोपेन गॅसवर जळतो, पण गरम हवा ढकलणारा पंखा १२ व्होल्टच्या बॅटरीवर फिरतो आणि सात-आठ अँपिअर ओढतो. रात्रीतून चार तास फिरला तरी तीस अँपिअर-तास गेले. त्याआधी संध्याकाळभर दिवे, पाण्याचा पंप आणि चार फोनचं चार्जिंग झालेलं असतं. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, त्यामुळे १०० अँपिअर-तासांच्या बॅटरीतले वापरायला ५०च मिळतात.

स्मोकमाँट, एल्कमाँट, केड्स कोव्ह या कॅम्पग्राउंडांपैकी कुठेच विजेचं हुकअप (गाडीला जोडायचं कनेक्शन) नाही आणि जनरेटर रात्री आठनंतर चालवता येत नाही. तेव्हा संध्याकाळी साडेपाच ते आठ जनरेटर लावून बॅटरी भरून घ्या. झोपताना मीटरवर १२.५ व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे, १२.१ दिसलं तर बॅटरी निम्म्यावर आलेली आहे. थर्मोस्टॅट ६० फॅरनहाइटवर ठेवा आणि आजी-आजोबांना जास्तीची रजई द्या. शेगडी पेटवून ऊब घेणं जिवावर बेतू शकतं : बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो.

प्रश्न : आमच्याकडे संडासात पाणी वापरण्याची सवय आहे, आणि रोज फोडणीचा स्वयंपाक. टाक्यांना हे सोसतं का?

उत्तर : पाण्याचा फायदाच होतो. ब्लॅक टँक (संडासाची टाकी) तुंबतो तो पाणी कमी पडल्यामुळे. अडचण फक्त एवढीच की टाकी लवकर भरते, म्हणून लोटा लहान ठेवा. ओले वाइप्स, ‘फ्लश करता येतात’ असं लिहिलेले असले तरी, आत टाकू नका. मैलापाण्याचं हुकअप असलेल्या जागी राहिलात तर ब्लॅकचा व्हॉल्व्ह सतत उघडा ठेवू नका : पाणी वाहून जातं, घट्ट मळ तळाशी बसतो आणि मग तो निघता निघत नाही. दोन तृतीयांश भरू द्या, मग डम्प स्टेशनवर (टाक्या रिकाम्या करायच्या जागी) आधी ब्लॅक सोडा आणि नंतर ग्रे (सिंक-अंघोळीच्या पाण्याची टाकी), म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुतली जाते. डम्प स्टेशन स्मोकमाँटला आणि केड्स कोव्हला आहे.

खरी काळजी सिंकची घ्या. तेलाचा तवंग, भाताची शितं, चहाचा चोथा हे सगळं ग्रे टँकच्या तळाशी बसतं आणि दुसऱ्या दिवशी गाडीभर वास सुटतो. ताट-कढई आधी कागदाने पुसून घ्या, मग विसळा. फोडणी बाहेर टेबलावर, कॅम्प स्टोव्हवर द्या. आत दिलीत तर मोहरी तडतडायच्या आधीच धुराचा अलार्म बोंबलेल, आणि कंटाळून त्याची बॅटरी काढायचा मोह होईल. ती काढू नका.

बाहेर शिजवलंत की जेवण झाल्याझाल्या सगळं आत न्या : तेलाची बाटली, खरकटी कढई, रिकामा कूलरसुद्धा. ऑक्टोबरात काळी अस्वलं हिवाळ्यासाठी चरबी साठवत असतात. भांड्यांचं पाणी झुडपात फेकलंत तर रात्री अस्वल तुमच्याच टेबलाशी येईल. माणसांच्या अन्नाला चटावलेल्या अस्वलाला पुढे अनेकदा मारावं लागतं, तेव्हा ही काळजी त्याच्यासाठीही घ्यायची आहे. दिसलंच तर १५० फूट लांब राहा.

प्रश्न : न्यूफाउंड गॅपवरून उतरताना ब्रेकमधून जळका वास आला. काय चुकलं?

उत्तर : पाय ब्रेकवर टेकवून ठेवलात. ५,०४६ फुटांवरून गॅटलिनबर्गच्या बाजूला उताराला लागलात की टो-हॉल मोड (गिअर खालचा धरून ठेवणारी सोय) चालू करा आणि गिअर खालचा घ्या, म्हणजे इंजिनच गाडी धरून ठेवतं. वेग ठरवा, समजा ताशी ३० मैल. तो ३५वर गेला की ब्रेक ठाम दाबून २५वर आणा आणि पाय पूर्ण काढा. हलका हलका सतत दाबलात तर पॅड तापतात, आणि तापलेले पॅड धरत नाहीत. वास आलाच तर कडेच्या पुलआउटमध्ये (थांबायच्या जागेत) गाडी घ्या, गिअर ‘पार्क’मध्ये टाका, चाकांना ठोकळे लावा आणि अर्धा तास थांबा. चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क तडकते. मागे गाड्यांची रांग लागली असेल तर पुढच्या पुलआउटला थांबून त्यांना जाऊ द्या.