सटायव्हा, सटायव्हस, सटायव्हम: एकच शब्द, तीन शेवट

प्रश्न असा आहे: भाताचं शास्त्रीय नाव ओरायझा सटायव्हा, केशराचं क्रोकस सटायव्हस आणि लसणाचं एलियम सटायव्हम. हे तीन वेगळे शब्द आहेत, की यातलं एखादं चुकीचं छापलं गेलंय?

तिन्ही बरोबर आहेत आणि शब्द एकच आहे. अर्थ 'पेरलेला', म्हणजे लागवडीचा. आता मराठीत पाहा: पेरलेला गहू, पेरलेली ज्वारी, पेरलेलं बी. नामाचं लिंग बदललं की विशेषणाचा शेवट बदलतो. लॅटिनमध्ये नेमकं हेच घडतं आणि तिथेही लिंगं तीनच. क्रोकस पुल्लिंगी, ओरायझा स्त्रीलिंगी, एलियम नपुंसकलिंगी. इंग्रजी विशेषणांना लिंग नसतं, त्यामुळे इंग्रजीतून शिकणारा हे शेवट घोकत बसतो. आपल्याला ते कानानेच कळू शकतात, आणि शिकवताना हे कुणी सांगत नाही याची मला फार हळहळ वाटते.

शास्त्रीय नावातला पहिला शब्द वंशाचा, म्हणजे जीनसचा. तो नेहमी नाम असतो. दुसरा शब्द त्या वंशातली जाती ओळखून देतो आणि पुष्कळदा तो विशेषण असतो. कार्ल लिनिअसने १७५३ साली वनस्पतींना आणि १७५८ साली प्राण्यांना ही दोन शब्दांची पद्धत सरसकट लावली.

एक चकवा मात्र आहे. नामाच्या शेवटावरून लिंग ठरवायला गेलात तर फसाल. 'घोडा' आणि 'शाळा' दोन्ही आकारान्त, पण घोडा पांढरा आणि शाळा पांढरी! लॅटिनमध्ये झाडांची नावं बहुतेक स्त्रीलिंगी धरतात, शेवटी 'अस' असला तरी. म्हणून तुती मोरस अल्बा, अल्बस नव्हे. पिंपळ फायकस रिलिजिओसा, चिंच टॅमरिंडस इंडिका. याउलट चंदनाचा वंश सँटॅलम नपुंसकलिंगी, म्हणून सँटॅलम अल्बम. अल्बस, अल्बा, अल्बम म्हणजे आपलं पांढरा, पांढरी, पांढरं.

हे व्याकरण अजून जिवंत आहे, याचं मला आवडणारं उदाहरण मोठ्या बगळ्याचं. लिनिअसने त्याला आर्डिया अल्बा म्हटलं. पुढे काहींनी त्याला कॅस्मेरोडियस या वंशात घातलं. तो वंश पुल्लिंगी, म्हणून नाव झालं कॅस्मेरोडियस अल्बस. आता तो पुन्हा आर्डियात आला आणि अल्बसचं अल्बा झालं. दोन पुस्तकांत दोन रूपं दिसली तर ती छपाईची चूक समजू नका. प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमावलीत ही लिंगाची जुळणी सक्तीची आहे.

दुसरा शब्द नामच असेल तर मात्र तो बदलत नाही. वाघाला लिनिअसने फेलिस टायग्रिस म्हटलं होतं. वंश बदलून पँथेरा झाला तरी टायग्रिस तसाच राहिला, कारण टायग्रिस म्हणजेच वाघ. वंश बदलल्याची खूण वेगळ्या ठिकाणी असते: पूर्ण नाव लिहिताना वाघापुढे लिनिअसचं नाव आणि १७५८ हे साल कंसात घालतात. बगळा आपल्या मूळ वंशात परतला, म्हणून त्याच्या नावापुढे तेच नाव आणि तेच साल कंसाविना येतं.