विज्ञानाला काय माहीत नाही? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या महिन्यात या पानावर विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं कसं काढतात ते लिहिलं होतं आणि शेवटी जाता जाता एक वाक्य टाकलं होतं, की हे विश्व ९५ टक्के कशाचं बनलंय ते आपल्याला माहीत नाही. सगळ्यात जास्त पत्रं त्या एका वाक्यावरच आली. काही रागाची, काही उत्सुकतेची, आणि एक अगदी आतून लिहिलेलं, ते शेवटी घेतलंय. या वेळची सगळी जागा याच विषयाला देते.

प्रश्न : ९५ टक्के विश्व कशाचं आहे हेच माहीत नसेल तर उरलेल्या ५ टक्क्यांच्या जोरावर शास्त्रज्ञ इतकं छातीठोक कसं बोलतात? हे म्हणजे ९५ मार्कांचा पेपर कोरा सोडायचा आणि पास झालो म्हणून सांगायचं.

उत्तर : पेपर कोरा नाहीये, ते आधी दाखवते. सूर्याच्या जवळचा बुध सेकंदाला ४७ किलोमीटरने पळतो आणि लांबचा नेपच्यून जेमतेम साडेपाच किलोमीटरने, कारण लांब गेलं की सूर्याची ओढ कमी पडते. गॅलक्सीमधे (म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहात, मराठीत दीर्घिका) पण तसंच व्हायला हवं ना, मधे ताऱ्यांची दाटी, कडेला विरळ, म्हणजे कडेला सगळं सावकाश फिरायला पाहिजे. १९७० मधे व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी शेजारच्या देवयानी दीर्घिकेत हे वेग मोजले तर कडेचे वेग कमी व्हायलाच तयार नाहीत. एवढ्या वेगात तिथली वस्तू भिरकावली जायला हवी, ती जात नाही, म्हणजे तिला धरून ठेवणारं काहीतरी तिथे आहे आणि ते दिसत नाही. फ्रिट्झ झ्विकी हे १९३३ मधेच दीर्घिकांच्या एका समूहाबद्दल बोलला होता, पण तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. पुढे १९९८ मधे दोन वेगवेगळ्या टीम लांबचे सुपरनोव्हा (म्हणजे ताऱ्यांचे स्फोट) मोजत होत्या, विश्वाचं प्रसरण किती मंदावतंय ते बघायला, आणि दोघींनाही उलटंच सापडलं, प्रसरणाचा वेग वाढतोय. तर धरून ठेवतंय त्याला नाव दिलं डार्क मॅटर, साधारण २७ टक्के, आणि पसरवतंय त्याला डार्क एनर्जी, साधारण ६८ टक्के. ही नावं म्हणजे उत्तरं नव्हेत, कपाटावर लावलेल्या चिठ्ठ्या आहेत, पण कपाट केवढं आहे आणि कुठे ठेवलंय ते मोजून झालंय. किती आहे ते माहीत, डार्क मॅटर कुठे साठलंय ते बऱ्यापैकी माहीत, ते प्रकाश सोडत नाही आणि अडवतही नाही हे माहीत, फक्त ते आहे काय हे माहीत नाही.

पण तुमच्या रागात एक खरा मुद्दा आहे आणि तो सोडून पुढे जायचं नाही. न दिसणारी वस्तू मानायची की आपला नियमच चुकलाय म्हणायचं, हे ठरवायचं कसं? असा पेच पूर्वीही आलाय, आणि तोही एकाच माणसाच्या आयुष्यात दोनदा. युरेनसची चाल हिशेबात बसत नव्हती म्हणून ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञाने कागदावर गणित मांडून सांगितलं की पलीकडे एक न दिसलेला ग्रह असणार आणि तो इथे इथे बघा. १८४६ मधे बर्लिनच्या वेधशाळेत त्याचं पत्र मिळालं त्याच रात्री शोधलं तर सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला! मग त्याच माणसाने बुधाची चाल घेतली, तीही थोडी चुकत होती, शंभर वर्षांत एका अंशाच्या जेमतेम ऐंशीव्या भागाएवढी, म्हणून त्याने १८५९ मधे सूर्याजवळ आणखी एक ग्रह असावा असं मांडलं, त्याचं नाव पण ठरलं, व्हल्कन. कितीतरी जणांनी तो पाहिल्याचं सांगितलं. तो नव्हताच. १९१५ मधे आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नियमच नव्याने लिहिला तेव्हा बुधाचा हिशेब बरोबर जुळला.

म्हणजे पहिल्यांदा वस्तू खरंच लपलेली होती, दुसऱ्यांदा नियम अपुरा होता. डार्क मॅटर हा नेपच्यून आहे की व्हल्कन, ते आज सांगता येत नाही. जमिनीखाली खोल डिटेक्टर लावून वर्षानुवर्षं वाट बघतायत, अजून एकही कण हाती लागलेला नाही. मला स्वतःला नेपच्यूनची बाजू जड वाटते, कारण गॅलक्सीचे वेग, लांबून येणारा प्रकाश वाटेत गुरुत्वाकर्षणाने वाकणं, विश्वाच्या सुरुवातीचं उरलेलं तेज, असे एकमेकांशी संबंध नसलेले बरेच पुरावे जवळपास एकाच आकड्याकडे बोट दाखवतात. पण व्हल्कनची बाजू घेणाऱ्यांना मी वेड्यात काढणार नाही.

प्रश्न : बिग बँगच्या आधी काय होतं? सरळ उत्तर द्या, फिरवू नका.

उत्तर : सरळ उत्तर, माहीत नाही. पण कुठून पुढे माहीत नाही हे सांगता येतं.

आकाशात लांब बघणं म्हणजे मागच्या काळात बघणं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. असं मागे मागे जात राहिलं की एक भिंत लागते, बिग बँगनंतर साधारण ३ लाख ८० हजार वर्षांची. त्याच्या आधी विश्व इतकं तापलेलं होतं की प्रकाश धुक्यात अडकल्यासारखा इकडून तिकडे आपटत राहायचा, बाहेर निघायचाच नाही. ज्या वेळी विश्व थंड होऊन अणू बनले त्या वेळी तो सुटला, तो अजून येतोय. जुन्या अँटेनावाल्या टीव्हीवर चॅनेल नसताना ज्या मुंग्या दिसायच्या ना, त्यातला थोडासा भाग हाच प्रकाश असायचा, १९६४-६५ मधे पेन्झिअस आणि विल्सन या दोन शास्त्रज्ञांच्या अँटेनात जी खरखर काही केल्या जात नव्हती ती पण हीच. भिंतीपलीकडे डोळ्यांनी बघता येत नाही पण हिशेबाने जाता येतं, आणि तो हिशेब पोकळ नाही, पहिल्या काही मिनिटांत किती हायड्रोजन आणि किती हेलियम बनायला हवा हे त्यातून निघतं आणि आज जवळजवळ तेवढाच सापडतो.

आणखी मागे, सेकंदाच्या पहिल्या अतिअति छोट्या तुकड्यात, जो लिहायचा तर दशांश चिन्हानंतर बेचाळीस शून्यं द्यावी लागतात, तिथे गाडी थांबते. तिथे गुरुत्वाकर्षणाची थिअरी आणि क्वांटम थिअरी (म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे नियम) दोन्ही एकदम लावाव्या लागतात आणि त्या दोघींचं आपसात जुळत नाही. जुळवायचे प्रयत्न चालू आहेत, सिद्ध झालेलं एकही नाही. त्यामुळे ‘आधी’ या शब्दाला तिथे काही अर्थ आहे का हेही माहीत नाही, कदाचित काळच तिथून सुरू होत असेल, कदाचित त्याच्या आधीही काहीतरी चालू असेल. कुणी यातलं एक ठामपणे सांगत असेल, मग तो शास्त्रज्ञ असो की बाबा, तर त्याला विचारा कशावरून.

प्रश्न : विश्व संपतं कुठे?

उत्तर : आपल्याला दिसू शकणारं विश्व सगळ्या बाजूंनी साधारण ४६ अब्ज प्रकाशवर्षांपर्यंत आहे (वय १३.८ अब्ज वर्षं असूनही एवढं, कारण प्रकाश येत असताना मधली जागाही पसरत गेली), त्यापलीकडून प्रकाश यायला अजून वेळच मिळालेला नाही. ती विश्वाची कड नाही, आपल्या नजरेची आहे. आणि प्रसरण असंच वाढत राहिलं तर ज्या दीर्घिका आज साधारण १६ अब्ज प्रकाशवर्षांच्या पलीकडे आहेत तिथून आज निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत कधीच पोचणार नाही, त्यांचा जुना फोटो फक्त दिसत राहील. मला हे वाचलं तेव्हा खरंच वाईट वाटलं होतं.

प्रश्न : एवढी प्रगती झाली म्हणता, पण कुठल्याही लॅबमधे निर्जीव पदार्थांपासून एक साधी पेशी बनवता आलेली नाही. मग जीव आपोआप तयार झाला हे कशाच्या आधारावर सांगता?

उत्तर : पहिलं वाक्य शंभर टक्के बरोबर आहे, नाही बनवता आलेली. २०१० मधे कृत्रिम जीव बनवला अशा बातम्या आल्या होत्या, पण तिथे डीएनए केमिकलपासून जोडून बनवला होता आणि घातला होता आधीच जिवंत असलेल्या बॅक्टेरियात.

मग आधार काय? तुकडे तुकडे आहेत, पूर्ण साखळी नाही. १९५२ मधे स्टॅन्ली मिलर या तरुण विद्यार्थ्याने काचेच्या बंद उपकरणात पाणी, मिथेन, अमोनिया आणि हायड्रोजन घेतलं, पाणी उकळत ठेवलं आणि वरच्या वायूत विजेच्या ठिणग्या सोडत राहिला. एका दिवसात पाणी गुलाबी झालं, आठवड्याच्या शेवटी गडद लाल आणि गढूळ, आणि त्यात अमिनो ॲसिड निघाली, म्हणजे ज्यांची प्रोटीन बनतात ते तुकडे. पुढे लक्षात आलं की पृथ्वीची सुरुवातीची हवा बहुतेक तशी नव्हती, म्हणजे तो प्रयोग जसाच्या तसा इतिहास नाही. पण बेन्नू या लघुग्रहावरून यानाने २०२३ मधे जी माती आणली तिच्यात जीवसृष्टी वापरते त्या २० पैकी १४ अमिनो ॲसिड सापडली, आणि डीएनए आणि त्याचा जवळचा नातेवाईक आरएनए यांची पाचही अक्षरं (म्हणजे ज्या रसायनांत त्यांची माहिती लिहिलेली असते ती) सापडली, तीही अशा ठिकाणी जिथे जीव नाही. तेव्हा विटा आपोआप बनतात याबद्दल आता शंका राहिलेली नाही. विटांचं घर कसं झालं, आणि त्यातही स्वतःची कॉपी काढणारं घर, तिथे मोठी फट आहे. आरएनए माहितीही साठवतो आणि रासायनिक कामही करतो हे कळल्यापासून (१९८९ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याच शोधाला) सुरुवात त्याच्यापासून झाली असेल असं बऱ्याच जणांना वाटतं. वाटतं, सिद्ध नाही.

‘आपोआप’ हा शब्द मात्र मला खटकतो, त्यात योगायोगाने घडल्याचा वास येतो. पृथ्वी साधारण साडेचार अब्ज वर्षांची आणि साडेतीन अब्ज वर्षांपूर्वीच्या खडकांत जीवाच्या खुणा आहेत, म्हणजे मधे कोट्यवधी वर्षं आणि अख्खे समुद्र एवढी लॅब होती, आपली लॅब अजून शंभर वर्षांचीही नाही.

आणि खरं सांगू का, मला जीव सुरू कसा झाला यापेक्षा चालू कसा राहतो यातलं अज्ञान जास्त जवळचं वाटतं. २०१६ मधे एका टीमने बॅक्टेरियाचे जीन एकेक काढून बघितले, कमीत कमी किती जीनवर तो जगतो आणि वाढतो. शेवटी ४७३ उरले. आणि त्यातले १४९ नेमकं काय करतात तेच तेव्हा माहीत नव्हतं! काढले की पेशी मरते किंवा रखडते, म्हणजे हवेतच, पण कशाला हवेत कळत नाही. सगळ्यात साधा जीव हातात घेतला तरी जवळजवळ एक तृतीयांश भाग कोडंच निघाला.

एक मोठी अडचण अजून आहे. जीवसृष्टीचं आपल्याकडे एकच उदाहरण आहे, गवतापासून माणसापर्यंत सगळे एकाच खानदानातले. एका उदाहरणावरून जीव सहज सुरू होतो की अब्जात एकदा, हे कुठलंही गणित सांगू शकत नाही. दुसरं उदाहरण मिळेपर्यंत थांबावंच लागणार.

प्रश्न : मशीन कितीही भारी बनवलं तरी कधीच कळणार नाही असं काही आहे का?

उत्तर : ‘कधीच’ म्हणताना जपून. ऑग्युस्त कोंत या मोठ्या विचारवंताने १८३५ मधे लिहिलं होतं की तारे कशाचे बनलेत ते माणसाला कधीच कळणार नाही. तो गेल्यावर दोनच वर्षांत किर्कहॉफ आणि बुन्सेन यांनी प्रकाशाच्या रेषांवरून मूलद्रव्यं ओळखायची रीत काढली. घरी करून बघा, रात्री एकच सीएफएल दिवा लावा आणि जुनी सीडी तिरकी धरा. साध्या पिवळ्या बल्बचा रंगांचा सलग पट्टा दिसतो, सीएफएलचे रंग मात्र तुटक तुटक, सुटे दिसतात, त्या सुट्या रंगांवरून आत काय चमकतंय ते कळतं. ताऱ्यांचंही तसंच ओळखतात, तिथे रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेषा असतात एवढंच.

तरीही काही कुंपणं वेगळ्या जातीची आहेत. कणाची जागा आणि त्याचा संवेग (म्हणजे वस्तुमान गुणिले वेग) एका मर्यादेपलीकडे दोन्ही एकदम नेमके असू शकत नाहीत हे हायझेनबर्गने १९२७ मधे दाखवलं, आणि ती मशीनची कमजोरी नाही. आत कुठेतरी नेमकी माहिती लपलेली असेल, आपल्याला दिसत नसेल, असं साधं सोपं स्पष्टीकरण प्रयोगांत टिकलं नाही, २०२२ चं फिजिक्सचं नोबेल त्या प्रयोगांनाच मिळालं. हवामानाचं कारण वेगळं. १९६१ मधे एडवर्ड लॉरेन्झ या हवामानशास्त्रज्ञाने कॉम्प्युटरला ०.५०६१२७ च्या जागी नुसतं ०.५०६ दिलं आणि कॉम्प्युटरने काढलेलं पुढचं सगळं हवामानच बदललं. तिथे नियम माहीत असूनही लांबचं सांगता येत नाही.

प्रश्न : माझी आई जायच्या आधी तीन आठवडे बेशुद्ध होती. हाक मारली तरी काही हालचाल नव्हती. मी रोज तिच्याशी बोलत होते. डॉक्टर म्हणाले तिला काही कळत नाहीये. विज्ञान नक्की सांगू शकतं का की तिला कळत नव्हतं?

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. नाही, नक्की नाही सांगू शकत.

जाणीव मेंदूतून कशी तयार होते हे आज कुणालाही माहीत नाही. एका छोट्या जंताच्या शरीरात फक्त ३०२ चेतापेशी असतात, त्यांच्या जोडण्यांचा अख्खा नकाशा १९८६ मधे छापून झाला, तरी तो जंत पुढच्या क्षणी काय करेल ते पूर्ण सांगता येत नाही, माणसाच्या मेंदूत तर ८६ अब्ज आहेत. त्यामुळे डॉक्टर बाहेरून बघतात, हाकेला ओ देतो का, बोट हलवतो का. २००६ मधे मेंदूचे अभ्यासक एड्रियन ओवेन यांच्या टीमने अपघातानंतर पाच महिने काहीच प्रतिसाद नसलेल्या २३ वर्षांच्या एका मुलीला स्कॅनरमधे ठेवून सांगितलं, तू टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर, आणि तिच्या मेंदूचा जो भाग निरोगी माणसाचा उजळतो तोच उजळला. २०२४ मधे असाच मोठा अभ्यास आला, सांगितलेलं काहीही करून न दाखवणारे २४१ पेशंट, त्यातल्या ६० जणांच्या मेंदूने सांगितलेलं काम आतल्या आत केलं होतं. चारातला एक.

बाकीच्या तिघांचं काय, तेही यावरून ठरत नाही, कारण त्याच टेस्टमधे काही धडधाकट माणसांचा सिग्नलही येत नाही. तुमच्या आईची अशी टेस्ट झालेली नसणार, बहुतेक ठिकाणी ती होतच नाही, त्यामुळे त्या चारात त्या कुठे होत्या ते मी सांगू शकत नाही, आणि खोटा धीरही देणार नाही. डॉक्टरांनी त्यांना दिसलं ते सांगितलं. पण ‘कळत नाहीये’ आणि ‘कळतंय असं दिसत नाहीये’ या दोन वाक्यांत जे अंतर आहे, त्या अंतरात तुम्ही तीन आठवडे रोज बोलत होतात. ते बोलणं वाया गेलं असं म्हणायला विज्ञानाकडे काहीही पुरावा नाही.