चक्की थांबली, चुली पेटल्या

प्रश्न : इंग्लंडमध्ये ससेक्स परगण्यात राहणाऱ्या मुलीकडे गेलो असता विटांच्या एका जुन्या पवनचक्कीत कुटुंब राहताना पाहिले. दळणाच्या इमारतीचे घर कसे झाले आणि आतली यंत्रे कुठे गेली?
— एक वाचक, गिरगाव, मुंबई

उत्तर : आपण पाहिली ती ‘टॉवर मिल’ असणार, कारण घरे झाली ती मुख्यतः याच प्रकारच्या चक्क्यांची. त्याहून जुन्या, बाराव्या शतकापासून उत्तर युरोपात आढळणाऱ्या ‘पोस्ट मिल’मध्ये पात्यांसकट सगळी लाकडी खोलीच एका खांबावर वाऱ्याच्या दिशेने फिरवावी लागे, टॉवर मिलची मात्र फक्त वरची, पाती बसवलेली टोपी फिरते आणि भिंत जागची हलत नाही. टोपीला आपोआप वाऱ्याकडे वळवणाऱ्या छोट्या पंख्याचे पेटंट एडमंड ली यांनी १७४५ मध्ये घेतले. धान्याची पोती वरच्या मजल्यावर ओढून घेत, दाणे तिथून मधल्या मजल्यावरच्या दगडांत उतरत आणि पीठ त्याखाली जमा होई. मजले, जिने आणि खिडक्या अशा रीतीने आयत्याच मिळत होत्या.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाफेची इंजिने आणि पोलादी रोलर आले, परदेशी गहू बंदरांवरच दळला जाऊ लागला आणि गावोगावच्या चक्क्यांचे दळण आटले. बंद चक्कीचे लोखंड भंगारात जाई, लाकूड इतरत्र वापरले जाई, आणि जात्याचे दगड पुष्कळदा अंगणात पायरी म्हणून बसत. लोअर परळला फिनिक्स मिलची चिमणी उभी आहे आणि माग नाहीत, तसाच हा प्रकार. घर झाल्यामुळे अनेक टॉवर पडझडीतून वाचले हे खरे, पण चक्की म्हणून ते वाचले असे आम्ही म्हणणार नाही.

ससेक्समध्येच क्लेटन गावाजवळ याचे दोन्ही नमुने शेजारीशेजारी आहेत. ‘जिल’ ही १८२१ ची पोस्ट मिल मुळात ब्रायटनची; १८५२ मध्ये ती बैल-घोडे जुंपून टेकडीवर ओढत आणली. ‘जॅक’ हा टॉवर १८६६ चा. विसाव्या शतकाच्या आरंभी दोन्ही थांबल्या. जॅकचे घर झाले आणि पुढे गोल्फवर लिहिणारे पत्रकार हेन्री लाँगहर्स्ट तिथे राहिले. जिलची मात्र स्वयंसेवकांनी दुरुस्ती केली आणि १९८६ पासून ती पुन्हा दळू लागली.

अशा घरात राहणे दिसते तितके सोपे नाही. भिंत गोल आणि आत झुकलेली, त्यामुळे कपाट कुठेच नीट टेकत नाही. पावसाळी वाऱ्याच्या अंगाला विटा पाणी पितात, म्हणूनच पुष्कळ टॉवरना बाहेरून डांबर फासलेले असते.

नेदरलँड्सची गोष्ट वेगळी. किंडरडाइकच्या एकोणीस चक्क्या पीठ दळण्यासाठी नव्हे, सखल जमिनीतले पाणी उपसण्यासाठी बांधल्या, आणि चक्कीवाल्याचे बिऱ्हाड त्यांत पहिल्यापासूनच असे. पाती जवळजवळ जमिनीला टेकून फिरत असल्याने अशा चक्कीला समोरासमोर दोन दारे ठेवत. पाती ज्या बाजूला फिरत असतील तिकडचे दार सोडून मुलेबाळे दुसऱ्या दाराने ये-जा करीत. १९९७ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या चक्क्यांत आजही कुटुंबे राहतात.

पुन्हा मुलीकडे जाल तेव्हा क्लेटनला अवश्य जा. उन्हाळ्यात बहुतेक रविवारी दुपारी जिल आतून पाहता येते.