ऑनलाइन चाचणी देऊन आपला आध्यात्मिक कल कळतो का?

मतं कळतात, श्रद्धा नाही. बिलीफ-ओ-मॅटिक ही जुनी चाचणी 20 प्रश्न विचारते: देव कसा, मृत्यूनंतर काय, दुःख का. प्रत्येक प्रश्न तुमच्या लेखी किती महत्त्वाचा, हेही विचारते. ते मन लावून भरा, निकाल त्यावर बराच फिरतो. शेवटी कोणता धर्म किती टक्के जुळला, याची यादी मिळते.

पण आपल्या सोलापुरात संक्रांतीला पांढरी बाराबंदी घालून, ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत 68 शिवलिंगांच्या वाटेवर तो उंच, जड नंदीध्वज (मानाची काठी) पेलणाऱ्याला ही चाचणी काय ओळखणार? आचरण आणि घरची परंपरा तिला फारशी दिसतच नाही. म्हणून टक्के सोडा. ज्या प्रश्नावर अडखळलात तो वहीत उतरवा आणि घरातल्या मोठ्यांशी त्यावर बोला.