वाचक विचारतात : रोमचे बादशहा आणि त्यांची पत्रं वाचलेला माणूस

प्रश्न : एका सिरीजमुळे रोमन बादशहांचं वेड लागलं, मग कुणीतरी सुएटोनियसचं बारा सीझरांचं चरित्र वाच म्हणालं म्हणून नेटवर इंग्रजी भाषांतर शोधलं. वाटलं होतं झोप येईल, पण रात्री दोन वाजेपर्यंत वाचत बसले. १९०० वर्षांपूर्वीचं पुस्तक इतकं ताजं कसं काय वाटतं? (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं, कारण माझंही पहिल्यांदा असंच झालं होतं आणि अजूनही दर एक-दोन वर्षांनी हे पुस्तक मी परत काढतो.

बघा, सुएटोनियस लढायांमध्ये रमतच नाही. ज्युलियस सीझरनं नऊ वर्षं खपून अख्खा गॉल, म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, जिंकला ते तो एका परिच्छेदात उरकतो, आणि पुढे मात्र सीझरचं टक्कल, त्यावरून लोक करायचे ती थट्टा, मागचे केस पुढे ओढून बसवायची त्याची सवय, आणि सिनेटनं दिलेल्या सगळ्या मानसन्मानांत कायम लॉरेलचा मुकुट घालायची परवानगी त्याला सगळ्यात जास्त का आवडली, हे सगळं निवांत सांगतो. रोमचा पहिला बादशहा ऑगस्टस, त्याच्या चरित्रात तर सुएटोनियस आधीच सांगून टाकतो की मी काळाच्या क्रमानं जाणार नाही, विषयवार सांगणार. म्हणजे घर, कपडे, जेवण, झोप, आजार, दोस्त, बायका, मरण. एखादं माणूस गेल्यावर आपण घरात बसून त्याच्याविषयी बोलतो तेव्हा जन्मतारखेपासून सुरू करतो का? नाही ना, त्याला अमुक भाजी आवडायची, तो असा चिडायचा, पैशाचं त्याचं असं होतं, असंच बोलतो आणि त्यातूनच माणूस उभा राहतो, मला वाटतं ताजेपणा आहे तो इथेच आहे.

ऑगस्टसचंच घ्या. अर्ध्या जगाचा मालक, पण थंडीत जाड टोग्याच्या (अंगाभोवती गुंडाळायच्या रोमन वस्त्राच्या) आत चार-चार अंगरखे घालणारा, जाडीभरडी भाकर, छोटे मासे, हातानं दाबलेलं ओलं चीज आणि हिरवे अंजीर खाणारा. विजेला तो प्रचंड घाबरायचा, सीलचं कातडं कायम जवळ ठेवायचा आणि वादळाची चाहूल लागली की तळघरासारख्या खोलीत जाऊन बसायचा. आणि त्याचं कारणही सुएटोनियस देतो, स्पेनच्या मोहिमेत रात्रीच्या प्रवासात वीज त्याच्या पालखीला घासून गेली होती आणि पुढे दिवा घेऊन चालणारा गुलाम जागच्या जागी मेला होता. एवढं वाचल्यावर त्या माणसाला हसावंसं वाटत नाही, त्याची भीती आपल्याला कळते.

प्रश्न : आमचे इतिहासाचे सर म्हणतात सुएटोनियस म्हणजे नुसतं गॉसिप, त्याच्यावर विश्वास ठेवू नका. कॅलिग्युला बादशहानं घोड्याला कॉन्सल, म्हणजे रोमचा सर्वोच्च अधिकारी, केलं ही गोष्ट त्याचीच ना? (एक विद्यार्थिनी, लातूर)

उत्तर : सरांचं अर्धं बरोबर आहे, ऐकीव गोष्टी त्यात भरपूर आहेत. पण उरलेल्या अर्ध्यासाठी मी भांडायला तयार आहे!

आधी घोडा. इन्सिटॅटस त्याचं नाव. त्याला संगमरवरी तबेला, हस्तिदंती गव्हाण, जांभळी झूल, रत्नांचा पट्टा, वर स्वतंत्र घर आणि नोकरचाकर, हे सगळं सुएटोनियस सांगतो आणि शेवटी लिहितो की त्याला कॉन्सल करायचाही बेत होता *असं म्हणतात*. केलं असं तो कुठेही म्हणत नाही. तो ‘असं म्हणतात’ आपण सगळ्यांनी मिळून खाऊन टाकला आणि दोष त्याच्यावर ढकलला. पुस्तक वाचताना हे शब्द पेन्सिलनं खूण करत जा, तो पक्कं काय सांगतोय आणि ऐकलेलं काय सांगतोय ते बऱ्याचदा तिथेच कळतं.

आणि हा माणूस कोण होता ते पण बघा. साधारण इ.स. ७० च्या आसपासचा जन्म, बापानं इ.स. ६९ च्या यादवीत ओथो बादशहाच्या बाजूनं अधिकारी म्हणून लढाई बघितलेली, आणि बाया नावाच्या गावाजवळ समुद्रावर कॅलिग्युलानं तो प्रसिद्ध पूल का बांधला याचं कारण लहानपणी आजोबांकडून ऐकलेलं. पुढे हेड्रियन बादशहाच्या पत्रव्यवहाराचा तो सेक्रेटरी झाला. त्याच कॅलिग्युलाचा जन्म कुठे झाला यावर जुन्या लेखकांत वाद होता, एक म्हणतो तिबुर गावात, दुसरा म्हणतो जर्मनीकडे ट्रेव्हेरी लोकांच्या मुलखात. सुएटोनियस दोघांचं म्हणणं आधी मांडतो, मग दोन्ही का पटत नाही ते एकेक करून सांगतो, ऑगस्टसचं एक पत्र पुरावा म्हणून पुढे करतो आणि म्हणतो की मला सरकारी नोंदीत अँटियम हे गाव सापडलं. याला गॉसिप कसं म्हणायचं? ही तर कागद काढून बघणाऱ्याची सवय झाली.

माझी सगळ्यात लाडकी जागा मात्र निरोच्या चरित्रात आहे. निरो दुसऱ्यांच्या कविता आपल्या नावावर खपवतो असा बोलबाला होता. सुएटोनियस म्हणतो, नाही, त्याच्या वह्या माझ्या हातात आल्यात, त्याच्या स्वतःच्या अक्षरातल्या ओळी आहेत त्यात, आणि त्या उतरवून घेतलेल्या किंवा कुणी सांगून लिहिलेल्या दिसत नाहीत, इतकं खोडलंय, मधे घुसडलंय, वर लिहिलंय की माणूस विचार करत करतच लिहितोय हे कळतं. त्याच निरोचे आईच्या खुनापासूनचे सगळे गुन्हे त्यानं पानंच्या पानं मांडलेत, आणि तरी कवितेच्या बाबतीत त्याला न्याय दिला कारण वही समोर होती. हे वाचलं की मला दरवेळी त्या लेखकाविषयी माया वाटते.

ऑगस्टसच्या हस्ताक्षराचंही तसंच. तो दोन शब्दांत जागा सोडायचा नाही, आणि ओळीच्या शेवटी अक्षरं मावली नाहीत की ती पुढच्या ओळीत न नेता तिथेच खाली लिहून गोल करायचा. शाळेच्या वहीत आपण सगळ्यांनी हे केलंय!

प्रश्न : रोम जळत असताना निरो फिडल वाजवत होता हे खरं का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : फिडल तेव्हा नव्हतंच, तो वाजवायचा ते किथारा नावाचं तंतुवाद्य. इ.स. ६४ च्या आगीत तो मायसेनसच्या मनोऱ्यावरून नाटकाच्या पोशाखात ट्रॉयच्या विनाशाचं गाणं गायला असं सुएटोनियस ठामपणे सांगतो, टॅसिटस हा दुसरा रोमन इतिहासकार मात्र म्हणतो की आग लागली तेव्हा निरो अँटियमला होता आणि गाण्याची ती अफवा होती. इथे मी टॅसिटसच्या बाजूनं.

प्रश्न : वाचायला सुरुवात कुठून करू? पहिल्या पानापासून सुरू केलं तर मधूनच सुरू झाल्यासारखं वाटलं. (एक निवृत्त शिक्षक, नाशिक)

उत्तर : सर, तुम्हाला बरोबर वाटलं, पुस्तकाची सुरुवातीची पानंच हरवलीत. सीझरचं बालपण गेलं, अर्पणपत्रिका गेली, आपल्या हातात येतो तो सोळाव्या वर्षी बाप गमावलेला मुलगा. जी सगळ्यात जुनी हस्तलिखित प्रत उरलीय ती नवव्या शतकातली, आणि त्याच शतकात आइनहार्ट नावाच्या लेखकानं युरोपातल्या शार्लमेन बादशहाचं चरित्र लिहिताना सुएटोनियसचा ऑगस्टस समोर ठेवला होता.

माझा सल्ला, ऑगस्टसपासून सुरू करा, ते सगळ्यात भरीव आहे. नंतर सीझरकडे या, तिथे कॅलेंडर दुरुस्त करायला त्यानं एक वर्ष पंधरा महिन्यांचं केलं तो भाग नक्की वाचा, आपल्या भिंतीवरचं जानेवारी ते डिसेंबर तिथूनच आलंय. मग व्हेस्पाशियन. त्यानं सार्वजनिक मुताऱ्यांच्या लघवीवर कर बसवला तेव्हा मुलगा टायटस नाराज झाला, तर बापानं पहिल्या वसुलीतलं नाणं त्याच्या नाकाशी धरून विचारलं, वास येतोय का? नाही म्हणाल्यावर म्हणाला, तरी ते लघवीतूनच आलंय.

शेवटच्या सहा जणांची चरित्रं बरीच आखूड आहेत आणि पत्रांचे उतारेही तिथे जवळपास संपतात. हेड्रियननं त्याला नोकरीवरून काढलं, बादशहाच्या बायकोशी, सबीनाशी, दरबारी रीत सोडून सलगीनं वागल्याचा ठपका होता, आणि त्यामुळे कागदपत्रं हातची गेली असावीत असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. मलाही तसंच वाटतं आणि वाईटही वाटतं.

निरो मात्र रात्री वाचा, एका बैठकीत. शहराबाहेर चार मैलांवर एका मुक्त गुलामाच्या घराकडे पळताना तो डबक्यातलं पाणी ओंजळीनं पितो आणि म्हणतो, हे निरोचं खास पेय. तिथे थांबू नका, अजून थोडं पुढे जा, तो मेल्यावर लोक आनंदानं रस्त्यावर आले हे लिहून झाल्यावर सुएटोनियस लगेच सांगतो की कितीतरी दिवस कुणीतरी त्याच्या थडग्यावर वसंतातली आणि उन्हाळ्यातली फुलं आणून ठेवत होतं.