आईवडिलांचं त्या पगारात भागलं, आमचं का भागत नाही?

प्रश्न : वडील म्हणतात, 'मी सुट्टीत काम करून फी भरली, तुम्हाला का जमत नाही?' याला आकड्यांत उत्तर देता येईल का?

येईल. फी पैशांत मोजू नका, कामाच्या तासांत मोजा. वर्षाची फी भागिले त्या काळातली ताशी किमान मजुरी. इंग्लंडचं उदाहरण घ्या. १९९८ साली तिथे विद्यापीठाची फी सुरू झाली, वर्षाला जास्तीत जास्त १,००० पौंड. १९९९ मध्ये प्रौढांसाठी किमान मजुरी ठरली ताशी ३.६० पौंड. म्हणजे फी झाली २७८ तासांची. आठवड्याला ४० तास धरले तर सात आठवडे. २०१२ मध्ये फीची मर्यादा ९,००० वर गेली आणि मजुरी ६.१९ झाली. आता भागाकार येतो १,४५४ तास, म्हणजे छत्तीस आठवडे. एवढी सुट्टी कुठल्याच विद्यापीठात नसते!

मात्र वडिलांसमोर हा कागद ठेवण्याआधी फी केव्हा भरायची होती तेही पाहा. १९९८ मध्ये ती आधी भरावी लागे (कमी उत्पन्नाच्या घरांना सूट होती). २०१२ मध्ये मात्र ती सहसा सरकारी कर्जातून जात होती. तेव्हाच्या नियमानुसार उत्पन्न २१,००० पौंडांच्या वर गेलं की वरच्या रकमेच्या ९ टक्के कापायचे आणि ३० वर्षांनी उरलेलं माफ. ओझं किती ते तासांवरून कळतं, कधी पडणार ते नाही. आणि राहण्या-जेवणाचा खर्च विसरलात तर दोन्ही पिढ्यांचा हिशेब चुकेल.

प्रश्न : टीव्ही, फोन स्वस्त होतात, शिक्षणच का महागतं?

अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये याचं कारण मांडलं. कारखान्यात एका माणसाच्या हातून निघणारा माल वाढत जातो, तसे पगारही वाढतात. शिक्षक मात्र आजही एका तासात जवळपास तेवढ्याच मुलांना शिकवतो. तरी त्याचा पगार बाहेरच्या पगारांच्या मागे राहिला तर तो टिकणार नाही, म्हणून खर्च चढतो. त्यात सरकारी अनुदान घटलं की उरलेला भार फीवर येतो. 'कॉलेजवाले लुटतात' हे काही ठिकाणी खरं असेल, पण तेवढ्यानं भागत नाही.

प्रश्न : मंदीत पदवी मिळाली, कमी पगारावर रुजू झालो. हे नुकसान कधी भरून निघतं का?

बऱ्याच अंशी निघतं, पण आपोआप नाही. कॅनडातल्या पदवीधरांवर २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मंदीत लागलेल्यांची कमाई सुरुवातीला सुमारे ९ टक्क्यांनी कमी दिसली आणि ही तूट भरायला दहाएक वर्षं लागली. भरपाईचा मोठा वाटा चांगल्या कंपनीत उडी मारण्यातून आला. तेव्हा बाजार सुधारू लागला की अर्ज टाकायला लागा. त्याच जागी पाच-सात टक्क्यांच्या वाढीवर समाधान मानलं, तर ती वाढ कमी मूळ पगारावरच बसत राहते. जिथे कंपन्या ताज्या पदवीधरांचीच एकगठ्ठा भरती करतात तिथे हा मार्ग अरुंद असतो. जपानमध्ये नव्वदीच्या दशकात पदवी घेतलेल्या अनेकांना पुढे कायमची नोकरी मिळणं अवघड गेलं, ते यामुळेच.

प्रश्न : मुलीच्या चार वर्षांच्या शिक्षणासाठी कर्ज घ्यायचं आहे. हप्ता शिक्षण संपल्यावर सुरू होईल, मग आत्ता काय काळजी?

व्याजाची. समजा १,००,००० कर्ज सुरुवातीलाच उचललं, दर १० टक्के. चार वर्षांचं सरळ व्याज ४०,००० होतं आणि ते मुद्दलात मिळवलं जातं. मग १,४०,००० वर दहा वर्षांचा मासिक हप्ता येतो १,८५०, एकूण भरणा सुमारे २,२२,०००. तेच व्याज शिकतानाच दरमहा ८३३ प्रमाणे भरलं, तर पुढचा हप्ता १,३२२ वर येतो आणि दोन्ही मिळून सुमारे १,९८,६०० जातात. रक्कम दर वर्षी टप्प्याने उचललीत तर व्याज आणखी कमी. हप्ता हलका व्हावा म्हणून मुदत पंधरा वर्षं करण्याचा मोह होतो. १,४०,००० वर तो १,५०४ होतो खरा, पण एकूण भरणा २,७०,८०० पर्यंत जातो. सही करण्याआधी बँकेला दोनच गोष्टी विचारा : व्याज मुद्दलात केव्हा मिळवता, आणि मुदतीआधी फेडल्यास दंड किती?