मोजमापाच्या आधीचा रकाना

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

न्यूरॉलॉजीच्या वॉर्डातून तू आता कीटकांच्या चेतासंस्थेकडे वळते आहेस. किती शोधनिबंध होतील याची काळजी आत्ता नको. ते ज्या नोंदवहीवर उभे राहतात, तिच्याविषयी हे पत्र.

माझा आग्रह एकच आहे: मोजमापाच्या आधी परिस्थिती लिही. तापमान किती, दिवे लागून किती तास झाले, नर की मादी, वय किती दिवसांचं, बेशुद्ध कशाने केलं आणि किती वेळ. या क्षेत्रातले काही मोठे शोध याच रकान्यातून निघाले आहेत. 'शेकर' ही फळमाशी १९४४ साली ओळखली गेली ती ईथर दिल्यावर तिचे पाय थरथरतात म्हणून. १९८७ मध्ये तिचं जनुक हाती आलं, ते पोटॅशियम वाहिनीचं, म्हणजे पेशीच्या पटलातून पोटॅशियम जाऊ देणाऱ्या दाराचं, निघालं. १९९४ मध्ये माणसातल्या त्याच कुळातल्या केसीएनए१ या जनुकातला दोष एपिसोडिक अटॅक्सियाच्या (अधूनमधून तोल जाण्याच्या आजाराच्या) पहिल्या प्रकारामागे आहे, हे कळलं. 'पॅरॅलिटिक' माशीचंही तसंच. २२ अंश सेल्सियसला ठणठणीत, २९ अंशांना लुळी, थंडाव्यात आणली की लगेच चालायला लागते. ओबेद सिद्दीकी आणि सीमोर बेंझर यांनी अशा माशांच्या चेतासंस्थेतले दोष १९७६ साली मांडले. पुढे ते जनुक सोडियम वाहिनीचं ठरलं. त्याच्या मानवी नातलगांपैकी एससीएन१ए तुला ड्राव्हे सिंड्रोम या लहान मुलांच्या तीव्र फिट्सच्या आजारामुळे ठाऊक असेलच. नोंदीत अंश लिहिलेले नसते तर हाती फक्त एक आजारी माशी राहिली असती.

म्हणून 'खोलीचं तापमान' असं कधी लिहू नकोस. थर्मामीटरचं टोक सलाइनमध्ये, म्हणजे ऊती ज्यात ठेवतो त्या क्षारद्रावणात, बुडवून आकडा घे. किडा स्वतःचं तापमान राखत नाही, त्यामुळे दोन-तीन अंशांनी चेतापेशीचा वेग बदलतो आणि तो बदल तुला औषधाचा परिणाम वाटू शकतो. कार्बन डायऑक्साइडने माशी झोपवली असेल तर वर्तनाच्या प्रयोगाआधी निदान २४ तास जाऊ दे. बर्फ वापरलास तर मिनिटं लिही.

'नेहमीचं सलाइन' हीसुद्धा नोंद नव्हे. फळमाशीच्या मेंदूसाठी सर्रास वापरलं जाणारं मिश्रण, मिलिमोलरमध्ये, असं: सोडियम क्लोराइड १०३, पोटॅशियम क्लोराइड ३, टीईएस (पीएच स्थिर ठेवणारा बफर) ५, ट्रेहलोज (कीटकांच्या रक्तातली साखर) ८, ग्लुकोज १०, सोडियम बायकार्बोनेट २६, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट १, कॅल्शियम क्लोराइड १.५, मॅग्नेशियम क्लोराइड ४. त्यातून ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सतत बुडबुडत ठेवायचा, पीएच ७.३ च्या आसपास हवा. वायू थांबला की कार्बन डायऑक्साइड उडून जातो, पीएच चढतो, कॅल्शियमचा साका बसतो आणि द्रावण गढूळ होतं. कॅल्शियम शेवटी घाल. ऑस्मोलॅरिटी (विरघळलेल्या कणांचं एकूण प्रमाण) दर खेपेला मोजून तारखेसह लिही.

रेकॉर्डिंगमध्ये मूळ सिग्नल जपायचा. स्पाइक, म्हणजे चेतापेशीचा विद्युत स्पंद, जेमतेम एक मिलिसेकंदाची असते, म्हणून सेकंदाला १०,००० नमुने तरी हवेत; २०,००० घेतलेस तर उत्तम. ३०० ते ३,००० हर्ट्झचा फिल्टर नंतर संगणकावर लाव, कारण फिल्टर करून साठवलेल्या सिग्नलमधून गेलेलं परत येत नाही. ॲम्प्लिफायरचा गेन (सिग्नल किती पट वाढवला तो आकडा) फाइलबरोबरच लिही. तो नसेल तर व्होल्टेजचा आकडा निरर्थक आहे. उद्दीपनाआधीचा शांत काळ दर वेळी नोंदव, नाहीतर घरच्या विजेची ५० हर्ट्झची घरघर आणि खरा प्रतिसाद वेगळे करताना अडशील.

उद्दीपनांचा क्रम तर विसरायचाच नाही. टोळाची डीसीएमडी ही चेतापेशी अंगावर चालून येणारी वस्तू दिसली की जोरात पेटते आणि तेच दृश्य पुन्हापुन्हा दाखवलं की मंदावते. तिचा तंतू डोळ्याच्या विरुद्ध बाजूच्या चेतारज्जूतून जातो. सिग्नल टिपणारा हुक चुकीच्या बाजूला लावलास तर तासभर प्रतिसाद शोधत बसशील. दोन फेऱ्यांमध्ये काही मिनिटं सोड आणि फेरीचा क्रमांक लिही. सगळ्या फेऱ्यांची घाईने सरासरी काढली की हे मंदावणं तिच्यात बुडून जातं.

संख्येबाबत मी हट्टी आहे. पाच झुरळांमधल्या चाळीस पेशी म्हणजे पाच झुरळं, चाळीस नव्हेत. एकाच बाटलीत वाढलेल्या माशाही एकमेकींपासून स्वतंत्र मानता येत नाहीत. त्यामुळे प्रत्येक पेशीपुढे प्राण्याचा आणि बाटलीचा क्रमांक हवाच. कोणता प्रयोग बाद करायचा याचे निकष आधी ठरव, बाद केलेल्यांची कारणं त्याच वहीत ठेव, आणि मोजणाऱ्याला कुठली माशी उत्परिवर्ती (जनुकात बदल झालेली) आहे हे कळू देऊ नकोस. उत्परिवर्ती वाण नियंत्रणाच्या वाणाशी पाच-सहा पिढ्या संकरित करून घे. नाहीतर दिसलेला फरक भलत्याच जनुकाचाही असू शकतो.

आणि माणसाबद्दलचं वाक्य लिहिताना हात आखडता घे. जनुक तेच असलं तरी माशीचा झटका म्हणजे रुग्णाची फिट नव्हे. वाहिनी कशी बिघडते हे माशी सांगेल, मुलाला कोणतं औषध द्यायचं ते नाही. वॉर्ड पाहिलेल्या तुझ्यासारखीने ही सीमा निबंधात स्पष्ट लिहावी, असं मला मनापासून वाटतं.

पहिल्या दहा प्रयोगांची पानं मला पाठव, बाद केलेल्यांसकट.

तुझी हितचिंतक